अँड्रॉइड सैनिकाचं ऊर्जाकवच कथेत पटेल असं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कथेत सहा अँड्रॉइड (माणसासारखे दिसणारे यंत्रमानव) सैनिक एका धरणाचं नियंत्रण-केंद्र ताब्यात घेऊन बसलेत. प्रत्येकाभोवती दीड मीटर त्रिज्येचं गोल ऊर्जाकवच आहे. गोळी, लेसर, स्फोट, काहीच आत जात नाही. ४० मिनिटांच्या गोळीबारानंतर धरणावरची कनिष्ठ अभियंता, म्हणजे तुमची नायिका, कवचाची ‘फ्रीक्वेन्सी’ शोधून काढते आणि कवचं बंद पडतात. मित्र वाचून म्हणाला, ‘पटलं नाही.’ आता तुम्ही विचारताय की कवच चुंबकीय दाखवू, प्लाझ्माचं (विद्युतभारित वायूचं) दाखवू की आणखी कसलं, म्हणजे ते शास्त्रीय वाटेल.

कवचाचं नाव बदलून मित्राचं समाधान होणार नाही. ४० मिनिटं मार खाऊनही कवच पहिल्या मिनिटाला होतं तसंच राहतं, हे त्याला खटकलंय. गोळी थांबली तर तिची ऊर्जा कुठेतरी जायला हवी, तिचा धक्का कुणीतरी सोसायला हवा. तुमच्या कथेत दोन्ही हवेत विरतात. वाचक भौतिकशास्त्र शिकलेला नसला तरी हिशेबातली ही गळती त्याला जाणवते. कवचाला आधी कुठेच दुखत नव्हतं, म्हणून शेवटी आयती किल्ली शोधावी लागली. विज्ञानकथांची हस्तलिखितं तपासताना मी कवचाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो: खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? त्याचं उत्तर मिळालं की कमजोरी वेगळी शोधावी लागत नाही.

अर्थात सगळं कथेच्या जातीवर अवलंबून आहे. जपानच्या ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रकथेत अँड्रॉइड १७ हे पात्र स्वतःभोवती असंच गोल कवच उभं करतं. त्याची ऊर्जा कधीच संपत नाही, हे त्या कथेने आधीच सांगून टाकलंय. तिथे लढाईचा निकाल कोणाची ताकद किती यावर लागतो आणि त्या जगात ते चालतं. १९९९च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या ड्रॉइडेका या लढाऊ यंत्रांची गोष्ट निराळी. ते चाकासारखे घरंगळत येतात, तीन पायांवर उघडतात आणि मग भोवती कवच धरतात. घरंगळताना कवच नाही आणि कवच असताना वेग नाही. मर्यादा यंत्राच्या बांधणीतूनच आली आहे, म्हणून ती पटते. तुमची नायिका अभियंता आहे. तिच्या कथेत दुसरी जात हवी, कारण तिला हिशेब करता येतो आणि तिने तो करून जिंकायला हवं.

आता एक नियम, जो मी फार काटेकोरपणे पाळतो: एका कथेत एकच थाप मारावी. असं कवच आज कुणाला बनवता येत नाही, तेव्हा एक अशक्य गोष्ट मान्य करावीच लागेल. पण ती एकाच यंत्रात कोंबायची आणि बाकी सगळं खरं ठेवायचं. तुमच्यासाठी मी ती थाप अशी ठरवेन: अँड्रॉइडच्या छातीत एक ‘प्रक्षेपक’ आहे. तो शरीरापासून दीड मीटरवर, हव्या त्या जागी, तीव्र चुंबकीय क्षेत्र क्षणभर एकवटू शकतो आणि काम झाल्यावर त्यातली ९९ टक्के ऊर्जा परत खेचून घेतो. साध्या कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. १५ सेंटिमीटरवर जे मिळतं त्याच्या हजारावा भाग दीड मीटरवर उरतो. म्हणून हे खरोखर अशक्य आहे, आणि म्हणूनच तुमची थाप इथे खर्च व्हायला हवी.

थाप ठरली की आकडेमोड प्रामाणिक करायची. ७.६२ मिलिमीटरची रायफलची गोळी घ्या. वजन साडेनऊ ग्रॅम, वेग सेकंदाला ८४० मीटर, ऊर्जा सुमारे ३,३५० ज्यूल. ती ३० सेंटिमीटरच्या अंतरात थांबवायची तर साधारण ११ हजार न्यूटन बल लागतं, म्हणजे एक टनाहून जास्त वजन त्या टोकदार नाकावर एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ ठेवायचं. चुंबकीय क्षेत्राने एवढा दाब द्यायचा तर किमान २५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) हवेत. दवाखान्यातलं एमआरआय दीड ते तीन टेस्लाचं असतं. प्रयोगशाळांमध्ये सतत चालणारे सर्वांत ताकदवान चुंबक ४५ टेस्लाच्या आसपास थांबलेत. २५ हा आकडाही आदर्श परिस्थितीतला आहे. शिशात क्षेत्र फार लवकर झिरपतं आणि पकड सुटते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच लागेल.

इथेच तुमचं ‘गोल कवच’ कोसळतं. दीड मीटर त्रिज्येचा, ३० सेंटिमीटर जाडीचा पूर्ण गोळा २५ टेस्लाने भरायचा तर त्यात दोन अब्ज ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. म्हणजे अर्धा टन टीएनटी स्फोटकाइतकी. प्रक्षेपकात जरा बिघाड झाला तर सैनिक, केंद्र आणि बहुधा धरणाचा तो भागही जागेवर राहणार नाही. शिवाय एवढी ऊर्जा आणायची कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! २० किलोची चांगली लिथियम-आयन बॅटरी पाच किलोवॅट-तास देते, म्हणजे १८ मेगाज्यूल. गोळा भरायला त्याच्या शंभरपटीहून जास्त लागतात.

म्हणून गोळा सोडा आणि ठिगळ धरा. गोळी जिथे येणार तिथेच, दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा, तेवढ्याच वेळेपुरता उभा करायचा. त्यात पाऊण मेगाज्यूलच्या थोडी आत ऊर्जा भरते. ९९ टक्के परत आली तर एका गोळीमागे सात किलोज्यूल गमावले. कथेत हा एकच आकडा ठरवून घ्या: गोळीमागे सात किलोज्यूल. दिसायलाही ठिगळ जास्त चांगलं आहे. काचेच्या फुग्यात उभा असलेला सैनिक चित्रपटांनी घासून गुळगुळीत केलाय. त्यापेक्षा रिकाम्या हवेत अचानक एखादी जागा थरथरते, गोळी तिथे अडखळते आणि शिशाचे वितळलेले थेंब जमिनीवर टपटपतात, हे लिहा. हे थेंब खरे आहेत. थांबताना गोळीची ऊर्जा एडी करंटच्या (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाच्या) रूपाने तिच्यातच उतरते. ग्रॅममागे साडेतीनशे ज्यूल पडतात आणि शिसं वितळायला साठ-बासष्ट पुरतात. तांब्याचं आवरण मात्र वितळत नाही, ते लालसर तापून, वेडंवाकडं होऊन पडतं. तासाभराच्या लढाईनंतर प्रत्येक सैनिकासमोर दीड मीटरवर अशा टरफलांची चंद्रकोर साचलेली असेल.

आता सात किलोज्यूलचं काय होतं ते बघा, कारण तुमची कथा तिथे आहे. मशीनगन सेकंदाला दहा गोळ्या झाडते असं धरू. म्हणजे सेकंदाला ७० किलोज्यूल, ७० किलोवॅट. १८ मेगाज्यूलची बॅटरी सव्वाचार मिनिटांत रिकामी. पण बॅटरीच्या आधी उष्णता मारते. हे सात किलोज्यूल गोळीत जात नाहीत, ते प्रक्षेपकाच्या तांब्याच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन राहतात. कॉइलमध्ये २० किलो तांबं असेल तर त्याचं तापमान सेकंदाला नऊ अंशांनी चढतं. मोटरच्या वाइंडिंगला वापरतात ते एच क्लासचं इन्सुलेशन १८० अंशांपर्यंतचं असतं. ३५ अंशांपासून सुरुवात केली तर सोळा सेकंद. सोळा सेकंदांच्या सलग माऱ्यानंतर कॉइलचं वार्निश धुमसायला लागतं.

हे टाळायला पाणी हवं. उष्णता फेकायचा सर्वांत स्वस्त मार्ग पाणी उकळणं हाच आहे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून पूर्ण वाफ होईपर्यंत अडीच मेगाज्यूल गिळतं. ७० किलोवॅटसाठी सेकंदाला २७ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला दीड लिटरच्या थोडं वर. पाठीवर पाच लिटरची टाकी दिली तर तीन मिनिटं मिळतात. माझा आग्रह आहे की पाणी हेच तुमच्या सैनिकांचं खरं रसद असू द्या. तेल नाही, ‘ऊर्जा-स्फटिक’ नाही, साधं पाणी. विहीर, बोअर, टँकर, प्यायच्या पाण्याची टाकी, हे सगळं अचानक युद्धाचा भाग होतं. पाणी कसलं हेही महत्त्वाचं. बोअरच्या जड पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार सहज असतात. एक टाकी उकळली की अडीच ग्रॅम पांढरी पूड बारीक नळ्यांमध्ये बसते. चार-पाच टाक्यांनंतर नळी तुंबते आणि थंडावा एका बाजूला कमी पडतो. त्या बाजूचं ठिगळ आधी दगा देईल. पावसाळ्यातलं धरणाचं गढूळ पाणी तर आणखी वाईट. सैनिक पाण्याला फिल्टर लावतायत, टाकी धुतायत, असं एखादं वाक्य तुमच्या पहिल्या पानावर आलं तर शेवटची मांडणी तिथेच झाली.

इथवर काय हातात आलं ते एकदा एका जागी सांगतो. एका सैनिकाला तीन घड्याळं लागली आहेत. पाण्याशिवाय सोळा सेकंद, पाच लिटर पाण्यावर तीन मिनिटं, आणि पाणी मुबलक असेल तर बॅटरीवर सव्वाचार मिनिटं. तुमच्या ४० मिनिटांच्या गोळीबाराला २४ हजार गोळ्या लागतात, ऊर्जा बॅटरीच्या नऊपट. हल्लेखोरांनाही पावणेसहाशे किलोच्या आसपास काडतुसं वाहून आणावी लागतील. तेव्हा सलग मारा विसरा, छोटे छोटे झटके दाखवा आणि मधल्या शांततेत सैनिक वाफ सोडतायत हे दाखवा.

वजनदार मार आला की गणित झपाट्याने बिघडतं. १२.७ मिलिमीटरच्या मशीनगनच्या गोळीत १८ हजार ज्यूल असतात, तिला ३५ टेस्ला लागतात, खर्च दुप्पट. रणगाड्याची पाच किलोची सळई सेकंदाला १,६०० मीटरने येते. तिला अडवायला ३०० टेस्लाच्या वर जावं लागेल, म्हणजे ती आरपार जाते. ही मर्यादा लपवू नका. ‘काहीही आत जात नाही’ हे वाक्य कथेतून काढून टाका. त्याऐवजी सैनिकांनाच ठाऊक असू द्या की कशापासून पळायचं.

धक्क्याचाही हिशेब आहे. ऊर्जा साठवता येते, परत मिळवता येते. संवेगाचं तसं नाही, तो शरीराकडेच येतो. साध्या मशीनगनचा सरासरी धक्का ८० न्यूटन, म्हणजे कुणी आठ किलोच्या जोराने छातीवर हात दाबून धरल्यासारखा. दीडशे किलोच्या सैनिकाला ते काहीच नाही. १२.७च्या माऱ्याचा धक्का मात्र ३५ किलोच्या आसपास जातो. कोरड्या काँक्रीटवर तो सहज तग धरेल. पण धरणाच्या गॅलरीत झिरपणीचं पाणी असतं, कडेला शेवाळ असतं. तिथे पाऊल धरून ठेवायला घर्षण कमी पडतं आणि सैनिक उभ्या उभ्या मागे सरकायला लागतो. कवच शाबूत, पाय घसरतायत. तुम्ही धरण निवडलंच आहे तर ही जागा वाया घालवू नका.

आता लेसर आणि प्लाझ्मा. इथे बहुतेक लेखक नेमकं उलटं लिहितात, म्हणून थोडं थांबतो. लेसरचा प्रकाश चुंबकीय ठिगळाला जुमानत नाही. शिवाय ज्या खिडकीतून सैनिकाला बाहेरचं दिसतं त्याच खिडकीतून त्या रंगाचा लेसर आत येतो. दिसणारा प्रकाश पूर्ण अडवला तर तो आत आंधळा झाला. प्लाझ्माने लेसर परतवायचा म्हणाल तर एक मायक्रॉन तरंगलांबीच्या लेसरसाठी प्लाझ्मात इतके इलेक्ट्रॉन लागतात की समुद्रसपाटीच्या हवेतल्या एकूण रेणूंच्या चाळीसपट संख्या होते. हवेतून तेवढे इलेक्ट्रॉन निघतच नाहीत. उलट त्याहून कितीतरी विरळ प्लाझ्माही रेडिओलहरी मात्र अडवतो. अवकाशयान वातावरणात परतताना काही मिनिटं संपर्क तुटतो तो यामुळेच. म्हणजे प्लाझ्माचं कवच घातलेला सैनिक लेसरने मरेल आणि मरताना साथीदारांना कळवूही शकणार नाही. ‘प्लाझ्मा विंडो’चं उदाहरण तुम्हाला कुणी देईल. १९९५ साली ब्रुकहेवन प्रयोगशाळेत अ‍ॅडी हर्शकोविच यांनी ती बनवली हे खरं, पण ती निर्वात पोकळीत हवा घुसू देत नाही, गोळी अडवण्याशी तिचा संबंध नाही.

मग लेसरचं काय करायचं? कवचाला ते काम देऊच नका. सैनिकाच्या अंगावर जळून जाणारा थर द्या. आणि एक छान गोष्ट आपोआप मिळते: सैनिक सोडतो ती वाफ थंड होऊन धुकं बनते आणि धुक्याचे थेंब लेसर विखुरतात. मारा सुरू झाल्यावर वाफेने सैनिक लेसरपासून थोडा वाचतो. म्हणजे शहाणा हल्लेखोर आधी लेसर वापरेल आणि मग बंदूक. असे क्रम कथेला अक्कल देतात.

कवच अँड्रॉइडलाच का, माणसाला का नाही, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कथेने त्याचं उत्तर द्यायला हवं. कारण एक, वेळ. ३० मीटरवर रडारने गोळी टिपली तर ठिगळाच्या जागेपर्यंत ३४ मिलिसेकंद मिळतात. माणसाला प्रतिसाद द्यायलाच २०० मिलिसेकंद लागतात. कारण दोन, क्षेत्र. २५ टेस्ला एका मिलिसेकंदात चढवणं आणि उतरवणं म्हणजे मेंदूच्या उपचारात कवटीपाशी धरतात त्या चुंबकीय झटक्यांच्या तोडीचा बदल. त्याच्या जवळ असलेल्या माणसाचे स्नायू आपोआप आखडतील, मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाश चमकेल. अशा सैनिकाला खेटून कुणी माणूस लढू शकत नाही, हे एकटेपण कथेत वापरण्याजोगं आहे. कारण तीन, स्फोट. स्फोटाची दाबलहर माणसाचे कानाचे पडदे आणि फुप्फुसं फाडते. अँड्रॉइडला दोन्ही नाहीत, तेव्हा कवचाने दाबलहर अडवायची गरजच नाही. धक्क्याचंही तसंच: दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्याच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजमधल्या (लक्ष्याजवळ येताच गोळा फोडणाऱ्या यंत्रणेतल्या) काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब २० हजार जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २० हजारपट धक्का, सोसत होत्या. नीट बांधलेलं इलेक्ट्रॉनिक्स फार चिवट असतं. अँड्रॉइडला भीती तुकड्यांची. हातबॉम्ब शेकडो तुकडे एकाच क्षणी फेकतो आणि प्रक्षेपक एका वेळी मोजकीच ठिगळं धरू शकतो. किती ते तुम्ही ठरवा. मी चार ठेवेन. पाचवा तुकडा आत.

जवळची लढाई वेगळी. ठिगळ उभं करायला पाच मिलिसेकंद लागतात असं ठरवलं तर रायफलची गोळी पावणेसहा मीटरच्या आतून झाडली की वेळ पुरत नाही, पिस्तुलाची संथ गोळी सव्वातीन मीटरच्या आतून. खऱ्या रणगाड्यांवरच्या संरक्षक यंत्रणांनाही हीच अडचण असते. इस्रायलची ‘ट्रॉफी’ यंत्रणा २०११पासून प्रत्यक्ष लढाईत रॉकेटं पाडते आहे, पण तिलाही येणारी वस्तू ओळखायला आणि उत्तर द्यायला थोडं अंतर हवंच. म्हणून तुमच्या सैनिकांना उघडं मैदान आवडेल आणि अरुंद जिना आवडणार नाही. गॅलरीच्या प्रत्येक वळणावर ते थांबतील, कान देतील. या सावधपणातून वाचकाला कवचाचा नियम कळतो, तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

रडारला वेगाची चाळणी लागते, नाहीतर पावसाच्या प्रत्येक थेंबासाठी ठिगळ उठेल. सेकंदाला १०० मीटरपेक्षा संथ ते सगळं दुर्लक्षित. आणि एडी करंट फक्त धातूत वाहतो. दगड, लाकूड, काच रडारला दिसले तरी त्यांच्यापुढे ठिगळाचा उपयोग नाही. म्हणजे गोफणीतला दगड दोन्ही कारणांनी आत जातो. त्याने सैनिक मरणार नाही, शंभर ग्रॅमच्या दगडात साठ-सत्तर ज्यूलच असतात, पण डोळ्याच्या जागी बसवलेल्या लेन्सची काच त्याने फुटते. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकणारा एखादा म्हातारा तुमच्या कथेत असेल तर त्याला ही संधी जरूर द्या.

आता तुमच्या धरणाकडे येऊ. तुम्ही नकळत सैनिकांना सर्वांत चांगली जागा दिली आहे: पाणी आणि वीज दोन्ही हाताशी. ते शहाणे असतील तर टाकी-बॅटरीवर लढणारच नाहीत. प्रत्येकजण एक होज आणि एक केबल जोडून घेईल. मग घड्याळं थांबली, पण सैनिक दाव्याला बांधल्या जनावरासारखा तेवढ्याच घेऱ्यात फिरणार. अजिंक्य, पण खुंट्याला बांधलेला. ही कोंडी मला फार मोलाची वाटते, तिच्यावर कथेचा मधला भाग उभा राहील.

आणि त्या दोन्ही तारा तुमच्या नायिकेच्या ओळखीच्या आहेत. ४१५ व्होल्टच्या तीन-फेजवर ७० किलोवॅट म्हणजे, वाटेतली दहा टक्के गळती धरून, एका सैनिकामागे १०८ अँपिअर. सहा जणांचे साडेसहाशे. केंद्राच्या सहायक पुरवठ्यावर ६३० अँपिअरचा ब्रेकर आहे असं धरलं, तर तो एवढा जादा भार बराच वेळ सोसतो. पण सहाही जणांवर एकदमच १२.७चा मारा झाला तर भार अकराशे अँपिअरवर जातो आणि ब्रेकरची थर्मल ट्रिप (जादा भाराने तापून वीज तोडणारी यंत्रणा) काही मिनिटांत पडते. एकेकावर आळीपाळीने मारा केला तर कधीच पडणार नाही. तुमच्या ४० मिनिटांत हल्लेखोर नेमकं हेच चुकवत असू द्या. ते एकेका सैनिकावर तुटून पडतायत आणि नायिका पॅनेलवरचा काटा बघत उभी आहे, एकाच्या वेळी तो किती हलतो ते मनात नोंदवतेय.

ट्रिप पडली की सैनिक बॅटरीवर येतील. त्याच वेळी तिने पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह फिरवावा. तो जुना, गंजलेला, आठ-दहा फेऱ्यांचा असू द्या, तिचे हात सोलवटू द्या. आता प्रत्येकाकडे पाठीवरचे पाच लिटर, म्हणजे माऱ्याखाली तीन मिनिटं. ते संपले की सोळा सेकंद. सैनिक कोसळल्याचं तिला डोळ्यांनी दिसायला नको. वाफेचा फुस्कारा थांबेल, आणि मग गॅलरीतून वर एक वास येईल: शेतातल्या पंपाची मोटर जळल्यावर येतो तो वार्निशचा, घशात बसणारा वास. धरणावर नोकरी करणाऱ्या बाईला तो ओळखायला दुसरा श्वास घ्यावा लागणार नाही.